झेंड्यांची उंची

कालमेतची नोकरी झेंडे मोजायची.
पोर्ट विलाच्या बंदरावर, सकाळी सहाला,
एक काठी इंग्रजांची, एक फ्रेंचांची,
आणि याच्या हातात खाच पाडलेला बांबू.
कुणाचाही झेंडा बोटभर वर गेला
की दोन राजधान्यांत तारा खडखडत,
म्हणून हा पगार. तोही दोन नाण्यांत,
अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा,
आणि मोड कुठेच मिळत नसे.

एवढीशी बेटं, त्यांवर दोन सरकारं.
दोन पोस्टं, दोन दवाखाने, दोन तुरुंग,
पोलिसांच्या दोन तऱ्हेच्या टोप्या.
भांडण फारच मोठं झालं तर वरचं कोर्ट:
एक न्यायाधीश इंग्रज, एक फ्रेंच,
मधोमध स्पेनच्या राजानं धाडलेला एक म्हातारा,
ज्याला, म्हणतात, दोघांच्याही भाषा कळत नसत
आणि स्वतःची ऐकू येत नसे.

लाउ हिंग बोटीतून उतरला तेव्हा त्याच्या ट्रंकेत
दोन डझन कंदील, सुया, खारवलेली मासळी.
कारकून म्हणाला, महिन्याभरात सांग,
कुणाच्या कायद्याखाली राहणार ते.
कापड असतं तर चुरगळून बघितलं असतं.
कायदा कसा बघायचा?

तुरुंगाच्या भिंतीला पाठ लावून
कालमेत समजावू लागला:
"इंग्रज विचारतो, मागे कुणी असा निवाडा दिलाय का,
आणि जाडजूड वह्या उघडून बसतो.
त्याच्या कोठडीत चादर दर शनिवारी बदलते,
जेवण मात्र नुसतं उकडलेलं.
फ्रेंच विचारतो, कलम कितवं.
सापडलं तर तू गेलास,
नाही सापडलं तरी बहुधा गेलास,
पण पाव ताजा असतो."

लाउ हिंगनं पाव निवडला.
"आणि तू रे? तू कुणाचा?"
कालमेतनं घड्या पडलेला दाखला काढला.
राष्ट्रीयत्वापुढची रेघ कोरी.
"मी इथलाच ना," तो म्हणाला,
"इथल्यांना निवडायला देत नाहीत."

दोन घरचा पाहुणा उपाशी, हे ठाऊक आहे.
पण एकाच घरात दोन पाहुणे
आणि घरधनी अंगणात उभा,
याला म्हण शोधतोय मी अजून.

मग ते डुकराचं झालं.
लाउ हिंगनं उधारीवर घेतलेल्या ट्रकखाली
लेईवियाचं डुक्कर आलं. कालमेतची बहीण ती.
सुळा वळत वळत पूर्ण कडं व्हायला
दोन बोटं उरली होती.
इंग्रजांच्या वहीत डुकराचा निवाडा निघाला, सुळ्याचा नाही.
फ्रेंचांच्या कलमात मांसाचा भाव होता, किलोवर.

शेवटी वडाखालच्या नकमालात बैठक बसली.
मुळी कुटून काढलेलं कडू, मातकट पाणी फिरलं;
नावच कावा, पण त्यात कावा नव्हता.
दोन रात्री कुणी घाई केली नाही.
ठरलं ते असं: एक पिल्लू, चार चटया,
आणि लाउ हिंगनं सगळ्यांबरोबर बसून
त्याच भट्टीतला सुरण खायचा.
तो जेवताना रडला म्हणे. तिखटानं नसावा,
तिथे तिखट घालत नाहीत.

मलाही इथेच थांबावंसं वाटलं होतं.
पण लेईविया कुंपणाबाहेर उभी होती;
नकमालात बायका बसत नाहीत.
चटया कालमेतच्या हातात आल्या, पिल्लूही.
रात्री ती एवढंच म्हणाली:
"वरचे दात काढल्यावर त्याला चावता येईना.
सात वर्षं मी घास चावून भरवला.
तुझ्या बांबूवर माझी खाच कुठेय?"

दुसऱ्या दिवशी कालमेत बंदरावर उशिरा पोचला,
हात हलवत.
एक झेंडा बोटभर खाली होता, किंवा दुसरा वर.
दोन्ही टोप्या त्याच्याकडे बघत राहिल्या.
"बरोबर आहेत," तो म्हणाला.

बांबू लेईवियानं पहाटेच नेला होता,
मधोमध चिरून
नव्या पिल्लाच्या कुंपणाला लावला होता.